उजव्या बाजूचं काळीज

नंजनगूड
रविवार, २ मार्च

मृण्मयीवहिनी,

नमस्कार. भुवनदादा आणि तुम्ही बरे असाल. मी पण बरीच आहे, पण घरात ते कुणी मानत नाही, आणि हे सगळं तुमच्या कॉलेजामुळे झालंय.

फोन का करत नाही म्हणाल. फोन अप्पांकडे असतो, आणि माझ्या हातात आला तरी मला फोनवर बोलायला होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून लिहितेय. मराठी लिहायला अप्पांनीच शिकवलंय, चुका असतील तर त्यांना बोला.

मागे तुम्ही म्हणालात, वाणी, एकदा लॅबमध्ये येऊन बस, शरीरातली वीज कशी मोजायची ते पोरांना शिकवायचंय, एक शांत माणूस पाहिजे, आमची पोरं तार लावली की खिदळतात. मी आले. बसले. हातापायाला पट्ट्या, डोक्याला तारा, सगळं करून घेतलं, तोंडातून शब्द काढला नाही. तुम्ही शाब्बास म्हणालात. मला वाटलं साकू, झालं एवढं, आणि विसरून गेले.

आणि परवा जेवताना आमचा रक्षित नाचणीच्या मुद्देचा गोळा मोडता मोडता सगळ्यांसमोर सांगतो, "वाणीचं हार्ट उजवीकडे आहे. आमच्या गटाने शोधलं. हजारो लोकांत एखाद्याचंच असतं तसं." ते पण अभिमानाने! कपिला नदीत बुडी मारून हरवलेली अंगठी काढल्यासारखा. आत्याच्या हातातला घास खाली पडला. तिचाच पोरगा, त्यामुळे खोटं असणारच नाही. म्हणाली, "आणि डोकं? डोक्याला पण तारा लावल्या होत्या की." तर हा म्हणतो, "डोक्यात काही सापडलं नाही."

वहिनी, मी नववीत शाळा सोडलेली पोरगी. माझ्याबद्दल असं कुणी बोललं की लोकांना लगेच खरं वाटतं.

आता खरी गोष्ट ऐका. म्हैसूरच्या त्या इनलेच्या कारखान्यात, शिसवी लाकडात रंगीत लाकडाचे तुकडे बसवून चित्र करतात तिथं, मेस्त्रींनी मला शिकायला घेतो म्हणून सांगितलंय. दोड्ड जात्रे, आमच्या देवळाची मोठी जत्रा, झाल्यावर लगेच. किती दिवस अप्पांच्या मागे लागले होते. तिथं कुणाला बोलावं लागत नाही, तुकडा बसला की बसला. अप्पा हो म्हणाले होते. आता म्हणतात, "उजव्या बाजूचं काळीज घेऊन रोज ट्रेनच्या गर्दीत कशी जाशील? नको."

तुम्ही अप्पांना लिहा. तुमचं ऐकतील, तुम्ही मॅडम आहात.

हे पाकीट रक्षितकडेच देतेय, रोज तुमच्याकडेच जातो म्हणून. रक्षित, वाचत असशील तर लाज वाटू दे.

तुमची
वाणी


म्हैसूर
बुधवार, ५ मार्च

प्रिय वाणी,

पाकीट डिंकाने इतकं चिकटवलं होतंस की उघडताना निम्मं फाटलं. रक्षितने वाचलेलं नाही, पण माझा चेहरा बघून त्याला सगळं कळलं. वर्ग सुटल्यावर पंधरा मिनिटं झापलाय त्याला. दुसऱ्याच्या शरीराची माहिती जेवणाच्या ताटावर वाढायची नसते, हे मी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. त्या तासाला तो हजर होता, सही आहे.

तू काळजी करू नकोस. तुला काहीही झालेलं नाही, झालंय ते माझ्या विद्यार्थ्यांना. तिसऱ्या वर्षाची पोरं ही! मी त्यांना शिकवते काय? हृदय, स्नायू, मेंदू यांची वीज संगणकावर घ्या, तिच्यात मिसळलेला कचरा ओळखा, उरलेल्याचा अर्थ लावा. एका गटाने कचरा इतका धुतला की हृदयाचे ठोकेच वाहून गेले. आलेख मात्र गुळगुळीत! दुसऱ्या गटाच्या मेंदूच्या आलेखात छतावरच्या पंख्याची वीज शिरली. त्यांनी लिहिलं, "ही व्यक्ती सखोल विचार करत आहे." ती व्यक्ती झोपली होती, वाणी. मी स्वतः पाहिलं.

तुझ्या डोक्यात काही सापडलं नाही, कारण अंबुआत्यांनी त्या सकाळी तुझ्या डोक्यावर एरंडेल थापलं होतं. तेलावर तार पकडत नाही. सापडलं नाही ते तेलामुळे. आत्यांना हे माझ्या नावाने सांग.

हृदयाचा आलेख मी पाहिला. तो उलटा आलाय हे खरं. शिखरं वर हवीत ती खाली आहेत. पण आलेख उलटा म्हणजे हृदय उजवीकडे, ही उडी रक्षितच्या गटाने इंटरनेटवर मारली. दुसऱ्या कारणांनीही तो उलटा येतो. डॉक्टरकडे जाऊन एक साधा ईसीजी काढा, दहा मिनिटांचं काम आहे. काकांना वेगळी चिठ्ठी लिहिलीय, सोबत आहे.

तुझी
मृण्मयीवहिनी


नंजनगूड
रविवार, ९ मार्च

वहिनी,

चिठ्ठीचा काही उपयोग झाला नाही. अप्पांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, "मृण्मयी चांगली पोरगी आहे, वाणीला वाईट वाटू नये म्हणून असं लिहिलंय." बोला!

डॉक्टरकडे आत्या नेऊ देत नाही. कंपाउंडरची बायको तिच्या भजनात आहे. तिला कळलं की गाडीवर लाउडस्पीकर लावून फिरल्यासारखंच. मग उद्या पोरीचं लग्न ठरवताना कुणी विचारलं तर काय सांगायचं? मी म्हटलं, कुणी विचारलंय लग्नाचं? म्हणजे मनात म्हटलं.

त्याऐवजी आत्याने देवळात तुलाभार बोललाय. काळीज जागेवर आलं की माझ्या वजनाचा गूळ श्रीकंठेश्वराला. आतापासूनच मला जास्त खाऊ देत नाही, गूळ महाग झालाय म्हणून.

आणि रोज सकाळी येऊन माझ्या उजव्या बाजूला हात ठेवून डोळे मिटते आणि म्हणते, "हौदु, हो, इथंच वाजतंय." शेजारच्या शंभूरावांच्या सुनेला पण हात लावायला दिला. ती पण म्हणाली, हो, वाजतंय. आई काही बोलत नाही, मी तिच्यावरच गेलेय. तिने फक्त माझी ट्रेनला नेण्यासाठी आणलेली डबाबाटलीची पिशवी वर माळ्यावर ठेवून दिली.

मी पण आता हात ठेवून बघते. कधी इकडे वाटतं, कधी तिकडे. रागावले की दोन्हीकडे. खरं सांगा, उजवीकडे असेल का? मी शाळेत पण सगळ्यांसारखी नव्हतेच. सगळे उत्तर द्यायचे, मला उत्तर येत असून बोलायला यायचं नाही. तेव्हापासूनच काही उलटं असेल तर?

मेस्त्रींनी निरोप पाठवलाय, जात्रेनंतर आली नाही तर दुसरी पोरगी घेतो. दुसरी तयार आहे.

वाणी


म्हैसूर
गुरुवार, १३ मार्च

वाणी,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग तुझा शेवट वाचून हसण्याची लाज वाटली. न बोलण्याचा आणि हृदयाच्या जागेचा काडीचा संबंध नाही. माझ्या वर्गात अखंड बोलणारी पोरं आहेत, त्यांच्यात काय सरळ आहे ते मला अजून सापडायचंय.

एक काम कर. त्या दिवशी काय काय झालं ते सगळं लिहून पाठव. मी तेव्हा दुसऱ्या टेबलावर होते, तिथल्या पोरांनी मशीनवर चहा सांडला होता. पट्ट्या कुणी लावल्या? कुठली कुठे? रक्षितला विचारलं तर म्हणतो, "मॅडम, आकृतीप्रमाणेच लावल्या." आणखी विचारलं तर म्हणतो, "मी संगणकावर होतो." त्याच्या गटातल्या चष्मेवाल्याला विचारलं तर म्हणतो, "मॅडम, हंड्रेड पर्सेंट आकृतीप्रमाणे." यांना एकच वाक्य येतं.

काही गाळू नकोस. क्षुल्लक वाटलं तरी लिही.

मृण्मयी


नंजनगूड
शनिवार, १५ मार्च

वहिनी,

लिहिण्यासारखं काही नाही, तरी लिहिते.

तुम्ही मला स्टुलावर बसवून गेलात. रक्षित संगणकाकडे तोंड करून बसला, म्हणजे माझ्याकडे पाठ. बाकी दोघं पोरं माझ्यासमोर उभी राहिली आणि एकमेकांना ढकलायला लागली. नी हाकु, नी हाकु, तू लाव, तू लाव. मला कुणी हात लावला नाही. तुम्हीच सांगून ठेवलं होतं म्हणे, मुलींच्या अंगाला हात लावायचा नाही, त्यांना स्वतःला लावायला सांगायचं. बरंच केलं तुम्ही, नाहीतर मी तिथून पळून आले असते.

मग चष्मेवाल्याने पट्ट्या माझ्या मांडीवर ठेवल्या आणि समोर उभा राहून ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर केला. "तांबडी इथं." दुसरा हात वर केला. "पिवळी इथं." मी तसंच केलं. त्याचा जो हात वर तोच माझा, आरशात करतो तसं. मग पायाची पण तशीच लावली. त्याने बघितलंसुद्धा नाही, वर पंख्याकडे बघत होता, कान तांबडे झाले होते.

मनात एकदा आलं होतं की विचारावं. पण तेव्हा विचारलं असतं तर सगळ्यांनी वळून बघितलं असतं. शाळेत पण असंच व्हायचं. सुम्ने, गप्प बसलं की कुणी बघत नाही.

एवढंच झालं. यात काय मिळणार तुम्हाला?

वाणी


म्हैसूर
सोमवार, १७ मार्च

वाणी, वाणी, वाणी!

तुझं पत्र वाचलं आणि स्टाफरूममध्ये टेबलावर डोकं आपटून घेतलं. शेजारच्या मॅडमनी पाणी आणून दिलं.

तो पोरगा तुझ्या समोर उभा होता. त्याचा उजवा हात तुझ्या डाव्या हातासमोर येतो. उजव्या मनगटाची तांबडी पट्टी तू डाव्यावर लावलीस, पिवळी उजव्यावर. हात बदलले की आलेख उलटतो. तुझं हृदय जन्मल्या दिवशी होतं तिथंच आहे.

पण पुढचं ऐक. मी सगळ्या वर्गाची मूळ रेकॉर्डिंग उघडून बसले. मुलग्यांची हृदयं डावीकडे. मुलींनी मुलींच्या लावल्या, त्यांचीही डावीकडे. ज्या ज्या मुलीचं रेकॉर्डिंग मुलग्यांनी घेतलं, तिचं उजवीकडे! एकूण एक! आणि मला रिपोर्टमध्ये हे का दिसलं नाही? विचारलं एका हुशार गटाला. "मॅडम, उलटं आलं म्हणून उणे एकने गुणलं. पुस्तकासारखं झालं." झालं! यांना उलटं का आलं हा प्रश्नच पडला नाही, चेहरा पुस्तकासारखा केला आणि मार्क घेतले. मी दिलेसुद्धा. आले तसे आकडे फक्त तुमच्या रक्षितच्या गटाने ठेवले. खरं ठेवलं त्यांनी, आणि मार खाल्ला त्यांनीच. त्याला झापल्याचं आता जिवाला लागलंय.

आणि नियम माझा. हात लावू नका, हे सांगितलं. मग लावायचं कसं सांगायचं, ते शिकवलंच नाही. पोरींना विचारता येत नाही आणि पोरांना बघता येत नाही, हे मला कळायला हवं होतं.

काकांना आज फोन केला. म्हणाले, "तू मशीन घेऊन इथं आलीस तर अंबू म्हणेल घरच्या सुनेने पाहिजे तसं काढून दाखवलं. तीच पोरं, तेच मशीन, माझ्या डोळ्यांसमोर." शनिवारी रजा काढून तुला घेऊन येतायत. वर्गासमोर बसावं लागेल. मला माहीत आहे तुला काय वाटेल. पण मी शेजारीच उभी असेन, तुला एक शब्द बोलावा लागणार नाही. शब्द देते.

वहिनी


नंजनगूड
मंगळवार, १८ मार्च

मी येणार नाही. अख्खा वर्ग! काळीज उजवीकडे राहू दे. देवळात गूळ द्यायला तयार आहे मी.

वाणी


नंजनगूड
रविवार, २३ मार्च

मृण्मयीवहिनी,

तुम्ही नव्हता.

रागाने लिहितेय, समजून घ्या. अप्पांनी मला जवळजवळ उचलून ट्रेनमध्ये बसवलं. तुमच्या कॉलेजच्या जिन्यापर्यंत मी एकच म्हणत होते, वहिनी शेजारी आहेत, वहिनी शेजारी आहेत. आणि वर गेलो तर रक्षित पांढरा पडून उभा. "मॅडमना कमिटीपुढे बोलावलंय. सुरू करा म्हणाल्या." कसली कमिटी? माझ्याच वेळेला?

वर्ग भरलेला. सगळी माझ्याकडे बघतायत, हीच ती उजव्या हार्टवाली म्हणून. अप्पा दाराजवळ टोपी हातात घेऊन उभे. मला स्टुलावर बसवलं. आणि तो चष्मेवाला, वहिनी, तोच, परत माझ्यासमोर येऊन उभा राहिला! तुम्ही त्यांना काय शिकवलं? रक्षित म्हणतो तुम्ही सगळं समजावून सांगितलं होतं, फळ्यावर चित्र काढून. ह्या चष्मेवाल्याने पण मान हलवली होती म्हणे, हंड्रेड पर्सेंट. आणि आता हात वर करून म्हणतो, "तांबडी इथं."

माझा हात चालला होता वर. आपोआप. तोच चुकीचा. मी त्याच्याकडे बघितलं, त्याचा हात बघितला, मला जात्रे दिसली, मेस्त्री दिसले, ती दुसरी तयार असलेली पोरगी दिसली, माझ्या छातीवर आत्याचा थंड हात आठवला, आणि वहिनी, मी एवढ्या जोराने ओरडले की अप्पांच्या हातातली टोपी पडली.

"यार बलगै? निंदो, नंदो?"

कुणाचा उजवा हात, तुझा की माझा. एवढंच. त्याच्यात काय आहे? पण नववीपासून आत साठलेलं सगळं त्याच्यातच आलं असेल. अप्पा मागे वळून बघायला लागले, कोण बोललं म्हणून.

चष्मेवाल्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग माझ्या. तसाच वर धरून उभा राहिला, खाली घ्यायचं पण विसरला. मागच्या बाकावरची एक पोरगी एकदम म्हणाली, "अय्यो, माझं पण तसंच लावलं होतं यांनी." मग दुसरी. मग जो गोंधळ सुरू झाला तो तुम्ही कमिटीत ऐकला असेल.

रक्षित आला आणि समोर नाही, माझ्या बाजूला, माझ्यासारखंच तोंड करून बसला. म्हणाला, "मी लावू?" मी म्हटलं, "नको. मीच लावते." लावल्या. पडद्यावर डोंगर वर गेले, एकामागून एक. अप्पा जवळ येऊन बघत राहिले.

"आता कुठं आहे?"

"होतं तिथंच, मामा," रक्षित म्हणाला.

तेवढ्यावर ते ऐकतात होय? म्हणाले मला लावा. त्यांचं डावीकडे आलं. मग म्हणाले आता मुद्दाम उलटं लावा. लावलं. अप्पांचं काळीज उजवीकडे! इतके हसले, इतके हसले की आलेखात नुसती दाढी आली. चष्मेवाला म्हणतो, "सर, हसू नका, आर्टिफॅक्ट येतो, कचरा." तुम्ही थोडंफार शिकवलंय म्हणायचं.

कागद छापून घेतला आणि घरी आत्यासमोर ठेवला. "अंबू, हे बघ, माझं पण उजवीकडे. मी तर ह्याच काळजाने फॅक्टरीत इतकी वर्षं शिफ्ट केल्या." आत्या बराच वेळ कागद बघत होती. उलटा धरला होता, त्यामुळे तिला सरळ दिसत होतं. शेवटी म्हणाली, "तुलाभार तर होणारच. बोललेलं फिरवायचं नाही."

आज झाला. काट्यावर बसले, सगळं नंजनगूड बघत होतं. काही वाटलं नाही. वर्गापेक्षा बरं.

पण तुम्ही शब्द दिला होता.

वाणी


म्हैसूर
शुक्रवार, ११ एप्रिल

प्रिय वाणी,

दिला होता आणि पाळला नाही. कॉलेज तपासायला आलेल्या कमिटीतल्या एका गृहस्थांना आमच्या लॅबमधल्या खुर्च्या मोजायच्या होत्या, आणि त्या मोजताना प्राध्यापक हजर लागतात. मी खुर्च्या मोजत होते, वाणी. तुझा आवाज खालच्या मजल्यावर आला. ते गृहस्थ म्हणाले, "वर्गात चर्चा चालते वाटतं." मी हो म्हटलं.

राग ठेवलास तरी चालेल. मी शेजारी असते तर तुझ्या वतीने मीच बोलले असते, हे मला नंतर सुचलं. पण ती काही सबब नाही. माफ कर.

आता परीक्षेचं ऐक. मी प्रश्न घातला, "हृदयाचा आलेख उलटा आला तर काय कराल?" जे घडलं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं, म्हणून सोपा प्रश्न म्हणून घातला. निम्म्या वर्गाने लिहिलं, "उणे एकने गुणू." निम्म्या वर्गाने! चष्मेवाल्याने अर्धं पान भरून फिल्टर लावला. रक्षितचं उत्तर दोन ओळींचं आहे. "ज्याला पट्ट्या लावल्या त्याच्या बाजूला जाऊन बसू. मग त्याला विचारू." शुद्धलेखन भयंकर, पूर्ण मार्क दिले.

पुढच्या वर्षी सगळी स्टुलं शेजारी शेजारी लावणार आहे. समोर कुणी उभं राहायचं नाही, मी धरून.

कारखान्यात गेलीस का? भुवन विचारतोय.

वहिनी


नंजनगूड
रविवार, २७ एप्रिल

वहिनी,

गेले. रोज जाते. रक्षितच्याच ट्रेनने, तो माझा डबा खातो आणि म्हणतो हार्टची भरपाई. कसली भरपाई, माझ्याकडूनच?

मेस्त्री चांगले आहेत पण फार भरभर बोलतात. पहिल्याच दिवशी पाटावर समोर बसले आणि करवत अशी धर, लाकूड असं फिरव, दाखवायला लागले. मी त्यांच्या हाताकडे बघून केलं. तुकडा उलटा कापला गेला. हत्तीची सोंड शेपटीकडे. मेस्त्रींनी कपाळाला हात लावला. "चांगलं लाकूड वाया. डोकं घरी ठेवून येतेस काय?"

दुसरा तुकडा दिला. परत समोर बसले. परत हात वर केले.

मी पाट उचलला आणि त्यांच्या बाजूला नेऊन ठेवला. 

"काय झालं?"

"तिकडून उलटं दिसतंय, मेस्त्री," मी म्हटलं. "सरका जरा."

सरकले.

वाणी